परसबागेतील फाल्गुनी फेरपालट

थंड देशांत वसंतातील भाजीपाल्याची आखणी हिम पडणे कधी थांबते यावर ठरते. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात (लोणावळ्याजवळच्या धुक्याच्या खंडाळ्याशी याचा संबंध नाही) ती पाण्यावर ठरवावी लागते. खंबाटकी घाटापासून नीरा नदीपर्यंतचा हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, म्हणजे ढग डोंगरमाथ्यावर रिते होऊनच इकडे पोहोचतात. त्यामुळे माघ सरताना मेथी-पालक फुलोऱ्यावर येऊन वाफे मोकळे होऊ लागले की, बियाण्याच्या पुड्या आणण्याआधी वैशाखात पाणी किती उरेल याचा हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात रोजची गरज सहा मिलिमीटर धरली, तर १० फूट लांब व तितक्याच रुंद वाफ्याला सुमारे ५६ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या जवळजवळ चार बादल्या लागतात. इतके पाणी रोज निघणार नसेल, तर निम्मी जागा पालापाचोळ्याखाली झाकून ठेवावी आणि उरलेल्या जागेत दोडका, कारले, काकडी आळ्यात लावावी. आळे म्हणजे रोपाभोवती केलेला खोलगट गोल, ज्यात ओतलेले पाणी इकडेतिकडे न पसरता मुळाशीच मुरते. मोरीचे पाणी अळू-केळीकडे वळवण्याची जुनी रीत याच काटकसरीतली आहे.

वांगी, मिरची आणि टोमॅटो ही एकाच कुळातील पिके असल्याने त्यांचे रोग-किडीही बऱ्याच अंशी सामाईक असतात. म्हणून ती काढलेल्या वाफ्यात पुन्हा त्यांचीच रोपे न लावता गवार किंवा चवळी पेरावी, कारण या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. भेंडीचे टणक बी रात्रभर भिजवून पेरल्यास लवकर रुजते, मात्र पांढरी माशी पसरवत असलेल्या हळद्या रोगाने, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याने, ग्रासलेले झाड लगेच उपटणे भाग असते.

दोडक्याची पहिली फुले गळून पडली की बी वाया गेले असा समज होतो, तो बहुधा चुकीचा असतो. आधी नरफुलेच येतात. मादीफूल मागाहून येते आणि त्याच्या देठाशी बोटाच्या पेराएवढा कोवळा दोडका तयारच असतो. ही फुले सायंकाळी उमलत असल्याने, कीटक फिरकत नसतील तर तिन्हीसांजेला नरफूल खुडून त्याचे पिवळे पराग मादीफुलावर टेकवावे लागतात.