होर्डिंगवरचा क्यूआर ते थेट सीआरएम

उलव्यात घरं विकणाऱ्या मित्रांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी.

महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की प्रकल्पाची महारेराकडची माहिती उघडते. चौकशीच्या फॉर्मचा क्यूआर मात्र वेगळा छापा आणि त्याखाली ‘साइट व्हिजिटसाठी’ असं ठळक लिहा, म्हणजे ग्राहकाचा घोळ होत नाही.

आता खरी गंमत. गूगल फॉर्म भरला की माहिती त्याला जोडलेल्या गूगल शीटमध्ये जाते आणि बरेच जण तिथेच थांबतात. संध्याकाळी कुणीतरी नंबर उतरवून घेणार, तोवर ग्राहक दुसरीकडे फ्लॅट बघून आलेला! त्या शीटला अ‍ॅप्स स्क्रिप्टचा ‘ऑन फॉर्म सबमिट’ ट्रिगर लावा. फॉर्म भरताच स्क्रिप्ट सीआरएमच्या (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) एपीआयला नाव, मोबाइल, बजेट पाठवते. कोडिंग नको असेल तर झोहो सीआरएमचा वेबफॉर्म वापरा. लीड थेट आत पडते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक जागेचा क्यूआर वेगळा ठेवा. खारकोपर स्टेशनजवळच्या बोर्डाच्या लिंकमध्ये ‘खारकोपर’, बामणडोंगरीच्या लिंकमध्ये ‘बामणडोंगरी’ असा सोर्स आधीच भरलेला हवा. महिन्याअखेरीस कुठला बोर्ड पैसे वसूल करतोय ते आपोआप कळतं. एकच माणूस दोनदा फॉर्म भरतो, म्हणून मोबाइल नंबरवरून डुप्लिकेट तपासा. संपर्कासाठी संमतीची चौकटही ठेवाच.

बोर्ड छापायला देण्याआधी स्वतःच्या फोनवरून स्कॅन करून लीड सीआरएममध्ये पोचते का, एवढं नक्की बघा. अडलात तर कमेंटमध्ये विचारा.