गोड बंद केलं, पुढे काय?

कुत्र्याला मधुमेह निघाला की घरात पहिली गदा बिस्किटांवर येते, मग दुधावर, मग भातावर. बिस्किटं थांबली हे चांगलंच झालं; पण तेवढ्याने आजार आटोक्यात येईल ही समजूत माणसांच्या मधुमेहावरून आलेली आहे. आपल्या नात्यागोत्यात दिसतो तो बहुतेक टाइप टू. त्यात शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते पुरेसं लागू पडत नाही. म्हणून पथ्य, चालणं आणि गोळ्या यांवर अनेकांची वर्षं निभतात. कुत्र्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मात्र बहुधा नष्टच झालेल्या असतात. स्वादुपिंडाचा आणि मधुमेहाचा संबंध उलगडला तोच मुळी कुत्र्यामुळे: १८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या संशोधकांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. जे इन्सुलिन बनतच नाही ते कारल्याच्या रसाने किंवा मेथीच्या पाण्याने कसं बनेल? इंजेक्शन द्यावंच लागतं, सहसा दर बारा तासांनी, आयुष्यभर.

आणि इंजेक्शनचा डोस ठरलेला असेल, तर ताटही ठरलेलंच हवं. माझ्या मते खाण्यात काय आहे यापेक्षा ते रोज तेच, तेवढंच आणि त्याच वेळी आहे का, हा प्रश्न मोठा. महागडं तयार खाद्य परवडत नाही म्हणून हात टेकायचं कारण नाही. डॉक्टरांना विचारून ठरवलेलं, काट्यावर तोललेलं घरचं जेवणही चालतं. त्यात उकडलेल्या दुधी-भोपळ्यासारख्या भाजीतला चोथा असला तर साखर सावकाश चढते. आजोबांनी प्रेमाने टाकलेला पोळीचा तुकडा मात्र सगळं गणित बिघडवतो. ‘शुगर-फ्री’ खाऊ तर नकोच. त्यात गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असू शकतं आणि ते कुत्र्याला विषारी असतं.

सुई टोचणं क्रूर नाही का, असं विचारलं जातं. सुई केसासारखी बारीक असते आणि बहुतेक कुत्री ती निमूट घेतात. खरा धोका वेगळाच आहे. मिलिलिटरमागे ४० युनिटच्या इन्सुलिनला ४०ची, १००च्या इन्सुलिनला १००चीच सिरिंज लागते. १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजने खुणेइतकं भरलं तर अडीचपट डोस जातो. साखर फार उतरली की कुत्रं झोकांड्या खातं, थरथरतं, त्याला झटकेही येतात. अशा वेळी हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना गाठावा. उपाशी कुत्र्याला पूर्ण डोस दिला तरी हेच घडू शकतं. म्हणून आधी जेवण, मग सुई. एखाद्या दिवशी त्याने ताटाला तोंडच लावलं नाही तर किती डोस द्यायचा, हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या.