एझ: खालून चढून पाहायचं गाव

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीसहून मोनॅकोकडे जाणारी रेल्वे समुद्राला अगदी लगटून धावते. पंधराएक मिनिटांत एझ-सुर-मेर हे लहानसं स्टेशन येतं. तिथे उतरलेल्या माणसाला समोर दिसतो तो चुनखडीचा उभा कडा. एझ हे मध्ययुगीन गाव त्या कड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर वसलेलं आहे. बरेच पर्यटक डोंगरातल्या मधल्या रस्त्याने बसमधून येतात आणि दोन तासांत गाव उरकून पुढे निघतात. ही घाई या गावावर अन्याय करणारी आहे. एझला सबंध दिवस द्यावा, आणि तोही खालून पायी चढत सुरू करावा.

स्टेशनाजवळून निघणाऱ्या पायवाटेला आज जर्मन तत्त्वज्ञ फ्रेडरिक नीत्शेचं नाव आहे. अधू डोळे आणि सततची डोकेदुखी यांनी बेजार झालेला नीत्शे १८८३च्या अखेरीपासून हिवाळ्यात नीसला येऊ लागला. तासन्‌तास चालणं हा त्याचा विचार करण्याचाच भाग होता. पारशी समाजाचे प्रेषित झरथुष्ट्र यांचं नाव ज्या ग्रंथाला त्याने दिलं, त्याच्या तिसऱ्या भागातलं एक महत्त्वाचं प्रकरण स्टेशनापासून एझपर्यंतच्या या दमछाक करणाऱ्या चढणीवर सुचलं, असं त्यानेच पुढे आत्मकथनात नोंदवलं आहे. वाट पाइन आणि ओकच्या झाडीतून, खडकातल्या पायऱ्यांवरून वर जाते. रमतगमत गेलं तर दीड तास. पाण्याची बाटली आणि पकड असलेले बूट हवेतच. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघालं नाही, तर उघड्या वळणांवर ऊन चांगलंच भाजून काढतं.

पण मासळी, मीठ, व्यापार सगळं खाली असताना माणसं इतक्या वर राहायला का गेली? कारण समुद्रातून धोकाही यायचा. दहाव्या शतकात पश्चिमेकडे फ्राक्सिनेतुम इथे तळ ठोकलेल्या हल्लेखोरांनी प्रोव्हान्सचा मुलूख हैराण केला होता. १५४३मध्ये ऑटोमन सेनापती बार्बारोसाचं आरमार फ्रान्सच्या राजाशी हातमिळवणी करून नीसवर चालून आलं. नीसचा परिसर १३८८पासून सव्हॉय घराण्याकडे होता, त्यामुळे फ्रान्स आणि सव्हॉय यांच्या प्रत्येक भांडणात तो भरडला गेला. तो कायमचा फ्रान्सचा झाला, तो थेट १८६०मध्ये.

हे भय गावाच्या बांधणीत अजून वाचता येतं. चौदाव्या शतकातला दुहेरी दरवाजा ओलांडूनच आत शिरावं लागतं. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की गाडीचा प्रश्नच येत नाही. घरं खडकालाच टेकून, एकमेकांना खेटून उभी आहेत. गल्ली अचानक वळते, पायऱ्या होते, कमानीखाली शिरते. ज्याला गडकिल्ल्यांवर भटकायची सवय आहे, त्याचा हात इथे आपसूक भिंतीच्या दगडावर जातो. वाटेत १३०६ सालचं लहानसं चॅपेल लागतं. पांढरे झगे घालणाऱ्या पेनिटंट बंधुसंघाचं हे प्रार्थनास्थळ.

दुपारी गल्ल्या गर्दीने भरतात. जुन्या घरांची आता दुकानं, चित्रदालनं आणि महागडी हॉटेलं झाली आहेत. त्यातल्या एका हॉटेलच्या जागी पूर्वी स्वीडनचे राजपुत्र विल्हेल्म यांचं घर होतं. शेजाऱ्यांच्या गप्पा आणि रोजच्या स्वयंपाकाचा वास जाऊन तिथे पाहुण्यांची वर्दळ आली, ही गोष्ट मनाला लागतेच. जेवणही खिशाला जड जातं. त्यापेक्षा सकाळी नीसहून पिसालादिएर बांधून आणावं. मंद आचेवर लुसलुशीत होईपर्यंत शिजवलेला कांदा, खारवलेले अँकोव्ही मासे आणि काळी ऑलिव्ह पसरून भाजलेला हा जाड पाव गार झाला तरी चवीला उत्तम लागतो.

गर्दी टाळायची तर माथ्यावरच्या बागेसाठी दुपार कलेपर्यंत थांबावं. इथे पूर्वी किल्ला होता. स्पेनच्या वारसायुद्धात, १७०६मध्ये, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या आज्ञेवरून तो पाडण्यात आला. आज काही भिंतींचे अवशेष तेवढे उभे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९मध्ये, त्या पडक्या भिंतींभोवती निवडुंग, घायपात, कोरफड अशा झाडांची बाग उभी राहिली. निवड अचूक होती: उघडा खडक, उताराची पातळ माती, दक्षिणेचं ऊन आणि कोरडा उन्हाळा ही झाडं सहज सोसतात. काटेरी झाडांच्या पलीकडे काप फेराचं भूशिर समुद्रात शिरलेलं दिसतं. हवा अगदी स्वच्छ असेल तर दूरवर कॉर्सिका बेटही ओळखू येतं.

बागेला तिकीट आहे, ते जरूर काढावं.

उतरताना मात्र अंधाराची वेळ जवळ आणू नये. त्या वाटेवर सुटे दगड बरेच आहेत आणि उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा होते. खाली पोचल्यावर लगेच फलाटावर जायची गरज नाही. स्टेशनापासून गोट्यांचा किनारा चार पावलांवर आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे स्थानिक मंडळी पोहायला येतात. कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल पिशवीत असेल, तर त्यांच्यासोबत एक डुबकी मारून मागची गाडी पकडता येते.