महागडा फोन घ्यावा का? आधी घरात हिशेब मांडू या

सप्टेंबर महिना आला की मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अ‍ॅपलच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग लागते. १९ सप्टेंबर २०२५ रोजी आयफोन १७ विक्रीला आला, तेव्हा तर त्या रांगेत धक्काबुक्की झाली आणि ती सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर पाहिली. त्या फोनची सुरुवातीची किंमत होती ८२,९०० रुपये. त्यात १८ टक्क्यांप्रमाणे जीएसटीच सुमारे १२,६४५ रुपयांचा.

रांग मुंबईत लागते, पण तिची चर्चा आमच्या एकलहऱ्यातही होते. नाशिक रोडजवळचे हे गाव ओळखले जाते ते औष्णिक वीज केंद्रामुळे. २१० मेगावॉटच्या तीन संचांच्या या केंद्रावर कितीतरी घरे चालतात. कुणी कायम नोकरीत, कुणी ठेकेदाराकडे. बाकीची घरे शेती, रिक्षा, गॅरेज, शिलाईकाम, छोटी दुकाने यांवर. अशा घरातला अकरावीतला मुलगा किंवा नुकताच कामाला लागलेला तरुण ‘मला तोच फोन पाहिजे’ म्हणतो, तेव्हा आईवडील अडचणीत सापडतात. नाही म्हणावे तर पोरगा रुसतो, हो म्हणावे तर घराचे गणित मोडते.

शिक्षक म्हणून माझा अनुभव असा, की नुसते ‘नाही’ म्हटल्याने मुलांना काही पटत नाही. त्यांना हिशेब पटतो. म्हणून इथे तो हिशेबच मांडते.

किंमत नव्हे, वर्षाचा खर्च बघा

फोन कितीला मिळतो, यापेक्षा तो दर वर्षी कितीला पडतो हे महत्त्वाचे. समजा, नऊ हजारांचा फोन घेतला. त्याची मेमरी दोन वर्षांत भरली, तो अडकायला लागला आणि बदलावा लागला. म्हणजे वर्षाला साडेचार हजार. अठरा हजारांचा फोन चार वर्षे चालला, तर तोही वर्षाला साडेचार हजारांनाच पडतो, आणि मधली चार वर्षे डोकेदुखी कमी. म्हणून सगळ्यात स्वस्त फोन हा नेहमी स्वस्त पडतोच असे नाही.

आता ८२,९०० रुपयांचा फोन घ्या. तो सात वर्षे वापरला तरी वर्षाला जवळपास ११,८४० रुपये होतात. साडेचार हजारांची बरोबरी करायची, तर हा फोन अठरा वर्षांहून जास्त चालला पाहिजे. ‘पण जुन्यालाही भाव येतो’ असे मुले म्हणतात. ठीक आहे. तीन वर्षांनी तो चाळीस हजारांना विकला गेला असे धरू. तरी उरलेले ४२,९०० रुपये तीन वर्षांत गेले, म्हणजे वर्षाला १४,३००. भाव येऊनही खर्च वाढलाच, कारण फोन लवकर बदलला.

जास्तीच्या पैशात खरोखर काय मिळते?

महागड्या फोनमध्ये काहीच नसते, असे म्हणणेही न्यायाचे नाही. काय मिळते ते एकेक पाहू.

पहिली गोष्ट सुरक्षा अपडेट. फोनमध्ये बँकेचे अ‍ॅप आणि यूपीआय असेल, तर ही अपडेट येत राहणे गरजेचे आहे. ती बंद झाली की फोन चालतो, पण चोरट्यांसाठी दार उघडे राहते. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. महाग फोनच्या बाजूने हा मोठा मुद्दा होता. पण त्याच वर्षी सॅमसंगने वीस हजारांच्या आतल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या फोनलाही सहा वर्षांचा शब्द दिला. एका वर्षाच्या फरकासाठी साठ हजार मोजायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र कोणताही फोन घेताना ‘अपडेट किती वर्षे?’ हा प्रश्न दुकानदाराला विचाराच.

दुसरी गोष्ट बॅटरी. ती सगळ्याच फोनची थकते. अ‍ॅपलच्याच माहितीनुसार आयफोन १५ आणि त्यानंतरच्या फोनची बॅटरी १,००० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. रोज एकदा चार्ज केला तर हे तीन वर्षांपेक्षा थोडे कमी. म्हणजे सात वर्षे फोन वापरायचा, तर एक-दोनदा बॅटरी बदलावी लागेल. तोही खर्च धरा.

तिसरी गोष्ट धूळ आणि पाणी. आमच्या गावात राखेची धूळ नवीन नाही. फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात ती बसते. ‘आयपी६८’ असे लिहिलेल्या फोनमध्ये पहिला ६ धुळीपासून पूर्ण बचाव सांगतो आणि ८ पाण्यात बुडाल्यावरचा बचाव. हा खरा उपयोगी गुण आहे. पण पाणी जाऊन फोन बिघडला, तर ते नुकसान साध्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत. उन्हाचेही तसेच. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे अ‍ॅपल सांगते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. दुचाकीच्या हँडलवर भर उन्हात लावलेला महागडा फोनही तापणारच.

चौथी गोष्ट कॅमेरा. कमी उजेडात, चालत्या माणसाच्या चित्रीकरणात महागडा फोन नक्कीच सरस ठरतो. ज्याचा त्यावर धंदा आहे, म्हणजे लग्नाचे चित्रीकरण करणारा तरुण किंवा मेहंदीचे, शिलाईचे नमुने दाखवून काम मिळवणारी बहीण, त्यांच्यासाठी तो हत्यार आहे. त्यातून महिन्याला किती जास्त मिळकत होईल ते लिहून काढावे आणि मग ठरवावे.

उर्दू वाचणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. आयफोनवर २०१७ पासून उर्दू मजकूर नस्तालीकमध्ये दिसण्याची सोय आहे. अनेक अँड्रॉइड फोनवर तो नस्खमध्ये दिसतो आणि आपल्या डोळ्यांना ते थोडे परके वाटते. पण नस्तालीकमध्ये वाचता येणारी मोफत अ‍ॅप अँड्रॉइडवरही मिळतात.

आता रोजची कामे मोजा. बालभारतीची पुस्तके, दीक्षा अ‍ॅप, शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप गट, यूपीआय, कुरआनच्या तिलावतीचे अ‍ॅप, हजला जाणाऱ्यांसाठी हज कमिटीचे ‘हज सुविधा’ अ‍ॅप. यातल्या एकाही कामाला ऐंशी हजारांचा फोन लागत नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’चे काय?

खरा धोका इथे आहे. हातात पैसे नसताना फोन घरी येतो, तो या दारातून. ‘व्याज नाही’ अशी पाटी असते. पण भारतीय रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसल्याचे स्पष्ट केले होते. होते असे, की बँक व्याज लावतेच आणि तेवढी रक्कम कंपनी किंवा दुकानदार सूट म्हणून कमी करतो. वरून प्रक्रिया शुल्क, आणि क्रेडिट कार्ड असेल तर व्याजावर जीएसटी. हप्ता चुकला की दंड वेगळा.

रिबापासून दूर राहू इच्छिणाऱ्या घराने यासाठीच कागद वाचला पाहिजे. पाटीवर ‘नो कॉस्ट’ आणि करारात ‘व्याजदर’ असे असू शकते. वित्त कंपनीच्या कर्जाला, त्यातले सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर दाखवणारे माहितीपत्रक १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक आहे. ते मागून घ्या. तो कागद घेऊन आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारा, म्हणजे त्यांनाही नेमके उत्तर देता येईल.

दुसरा मार्ग आपल्या घरातच आहे, भिशीचा. महिना दीड हजार बाजूला पडले, तर वर्षात अठरा हजार जमतात. या वर्षभरात मुलाला तो फोन खरोखर हवा आहे की नुसती हौस होती, हेही कळते.

जुना घेत असाल तर

वापरलेला महागडा फोन निम्म्या किमतीत घेण्याची पद्धत वाढली आहे. त्यात वावगे काही नाही, फक्त मूळ बिल घ्या. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा. चोरीचा माल नकळतही घरात यायला नको. बॅटरीची तब्येत सेटिंगमध्ये पाहा आणि स्क्रीन बदलायला किती लागतील, हे दुरुस्तीवाल्याला आधीच विचारा. नव्या फोनबाबत दुकानदाराने किंवा कंपनीने दाद दिली नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मुलांशी बोलताना

मुलाच्या मागणीमागे बऱ्याचदा फोन नसतोच, मित्रांत कमी पडण्याची भीती असते. तिची थट्टा करू नका. त्याला कागद-पेन द्या. एका बाजूला त्याच्या आवडीच्या फोनची किंमत, दुसऱ्या बाजूला अठरा हजारांचा फोन. मधला फरक ६४,९०० रुपये. त्यात अभ्यासाला एक लॅपटॉप येतो आणि वर क्लासच्या फीलाही हातभार लागतो. ही वजाबाकी त्यालाच करू द्या. घरातली मिळकत आणि खर्चही त्याला सांगा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ते कळते.

आणि मोठ्यांनी स्वतःकडेही पाहावे. निकाहात नवरदेवाला महागडा फोन देण्याची आणि तो फोटोत दाखवण्याची रीत आपणच वाढवली, तर मुलांना इसराफ कोणत्या तोंडाने समजावणार? मुलीच्या बापाने त्यासाठी कर्ज काढावे, इतकी कोणत्याही फोनची किंमत नाही.

ज्याच्या कामाला लागतो आणि ज्याच्याकडे रोख पैसे आहेत, त्याने महागडा फोन जरूर घ्यावा आणि पाच-सहा वर्षे वापरावा. बाकीच्यांनी पंधरा ते पंचवीस हजारांत जास्त वर्षे अपडेट मिळणारा, किमान १२८ जीबी साठवणुकीचा फोन पाहावा, सोबत चांगले कव्हर आणि काच लावून घ्यावी. उरलेल्या पैशांचे काय करायचे, हे मात्र फोन घेण्याआधीच घरात ठरवा. नाहीतर ते दुसऱ्याच एखाद्या दुकानात जातील.