कॉर्नर झेपावला, बाकीच्यांनी कुठं जायचं?

धान निघालं की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात आणि त्यांच्या आगेमागे कबड्डीचे सामने. साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात या खेळाला १३ मीटर लांब, १० मीटर रुंद सपाट जागा आणि चुन्याच्या रेषा एवढंच लागतं. चढाई पोरं एकमेकांचं बघून शिकतात, घोट्याची पकडही तशीच शिकतात. पण ठरलेला डाव मोडला, कॉर्नरचा गडी हातात हात धरलेल्या साखळीची वाट न बघता एकटाच झेपावला, तर उरलेल्या सहांनी काय करायचं, हे बहुतेक संघांत त्या क्षणावर सोडलेलं असतं. हे क्षणावर सोडू नये, प्रत्येकाच्या जागेनुसार आधीच ठरवून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

यामागचं कारण मैदानाच्या मापांतच आहे. पुरुषांच्या कबड्डीत निदानरेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बोनस रेषा त्यापुढं १ मीटरवर आणि अंतिम रेषा ६.५ मीटरवर असते. म्हणजे कोपऱ्यात घोटा धरला गेलेला चढाईपटू घरापासून साधारण पाच मीटर दूर असतो. उंच गडी अंग लांबवून पडला, तर त्यातलं दोनएक मीटर अंतर तो एका झेपेत खातो. शिवाय स्पर्श झाला की दोन्ही बाजूंचे एकेक मीटरचे राखीव पट्टे खेळात येतात आणि ८ मीटर रुंदीचं मैदान १० मीटरचं होतं. म्हणून मदतीला धावणाऱ्यानं पकडीच्या ढिगावर जाऊन पडण्यात फारसा अर्थ नाही. सातांची रांग डावीकडून कॉर्नर, इन, कव्हर, मधला आणि मग उजवा कव्हर, इन, कॉर्नर अशी असते. डाव्या कॉर्नरनं घोटा धरला असेल, तर त्याच्या शेजारच्या इननं मांडी किंवा कंबर धरावी. डाव्या कव्हरनं मात्र माणसाकडे न जाता त्याच्या वाटेवर, म्हणजे चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामध्ये, राखीव पट्ट्याच्या बाजूला तोंड करून उभं राहावं. मधल्यानं आतली बाजू बंद करावी, उजव्या कव्हरनं मध्यरेषेजवळ दुसरी फळी धरावी. उजवा इन आणि उजवा कॉर्नर यांनी अंग राखावं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये नेमका असाच प्रश्न येतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकभोवतीचं कडं फुटलं आणि तो एका बाजूला पळत सुटला, की झेल घेणाऱ्यांच्या आखलेल्या वाटा निरुपयोगी ठरतात. तिथं शिकवण साधी असते: लांब गेलेल्यानं मागं यावं, जवळच्यानं लांब पळावं, पलीकडच्यानं क्वार्टरबॅक पळतोय त्याच दिशेनं मैदान कापावं. त्यांना मोकळी जागा शोधायची असते, आपल्याला वाट बुजवायची असते. तरी दोन्हीकडे प्रत्येकाची पुढची जागा आपला गडी कुठं आहे यावरून ठरते आणि तिचा सराव आधी झालेला असतो. कबड्डीत अर्ध्या सेकंदाचा खेळ, नियम आठवायला वेळ कुठला, असं कुणी म्हणेल. पण वेळ नाही म्हणूनच तर निवड आधी उरकायची. ज्याला एकच गोष्ट करायची आहे तो लवकर हलतो. चार पर्यायांत अडकलेला गडी उभाच राहतो.

यापेक्षा वजनदार आक्षेप धोक्याचा आहे. चढाईपटू निसटला तर त्याला शिवलेले सगळेच बाद होतात. मग कॉर्नरच्या चुकीपायी आणखी तिघांनी का जावं? आक्षेप खरा आहे, पण सगळ्यांनी तुटून पडण्याच्या सवयीवरच तो लागू पडतो. जागा ठरलेल्या असतील तर पहिल्या क्षणी फक्त दोघांचा स्पर्श होतो. बाकीचे वाट अडवून असतात आणि चढाईपटू त्यांच्या अंगावर आला तरच भिडतात. मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरल्यावर मात्र हिशेब बदलतो. तिथं यशस्वी पकडीला एक जादा गुण मिळतो, आणि राखून ठेवायला कुणी नसतंच. समोर लोण, म्हणजे सगळा संघ बाद होणं, आणि त्याचे दोन गुण दिसत असतात. अशा वेळी एक झेपावला की दुसऱ्यानं क्षणभरही थांबू नये.

ही समज वर्षानुवर्षं एकत्र खेळल्यावर आपोआप येते, असंही सांगितलं जातं. सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर या कॉर्नरच्या जोडीकडे बोट दाखवतात. २०१५ मध्ये प्रो कबड्डी जिंकणाऱ्या यू मुम्बात दोघे होते, २०१७ मध्ये हरियाणा स्टीलर्सकडेही बरोबरच होते. सहवासाचं मोल मी नाकारत नाही. पण गावच्या संघाला तो सहवास मिळायचा कसा? पोरं कामासाठी नागपूरला, पुण्याला जातात आणि सामन्याच्या आदल्या दिवशी परततात. ज्यांना एकत्र राहायला मिळत नाही, त्यांनाच ठरवलेल्या जागांची गरज अधिक. संघटित बचावाची ताकद मोठ्या मैदानावरही दिसली आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८–२७ असा हरला. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं जिंकलेल्या संघाला त्या दिवशी विसापर्यंतही पोचता आलं नाही. एका निकालावरून सिद्धांत उभा राहत नाही. तरी बचाव संघटित असेल तर उत्तम चढाईपटूही जखडले जातात, एवढं त्यातून नक्की दिसतं.

सरावासाठी मॅट लागत नाही की मोठा प्रशिक्षकही. एकानं चढाई करायची आणि कॉर्नरनं मुद्दाम चुकीच्या वेळी झेपावायचं. पकड झाली की नाही हे त्या दिवशी मोजायचंच नाही. शिट्टी वाजली की सगळ्यांनी आहे तिथं थिजायचं आणि डावा कव्हर वाटेत उभा आहे की ढिगावर, तेवढं बघायचं. मग बाजू बदलायची, नंतर सातांचे पाच करायचे, पाचांचे तीन.