चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाळी सकाळची, वेळ अकरा चाळीसची. पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात एक कामगार आपल्या कामाच्या जागीच लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला. तारीख होती २६ ऑगस्ट १९८३. या माणसाला नोकरीवरून काढणे योग्य की अयोग्य, याचा शेवटचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १८ जानेवारी २००५ रोजी. एका झोपेचा निकाल लागायला एकवीस वर्षांहून अधिक काळ गेला!

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण ज्याची नोकरी टांगणीला लागलेली असते त्याच्या घरात एकवीस वर्षे कशी जातात, याचा विचार केला की हसू मावळते.

त्या कामगाराची ही पहिली चूक नव्हती. आधी तीनदा त्याच्यावर ठपका आला होता आणि तिन्ही वेळा सौम्यपणे भागवले गेले होते. या खेपेस कंपनीने आरोपपत्र दिले, चौकशी केली आणि त्याला बडतर्फ केले. कामगार न्यायालय म्हणाले, चौकशी रीतसर झाली आहे, पण शिक्षा फार कडक आहे. निम्म्या मागील वेतनासह त्याला परत घ्या. किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या चुकीला, मागची नोकरी लक्षात न घेता, धक्का बसावा इतकी मोठी शिक्षा देणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. पुढे वरच्या न्यायालयांत वाद चालत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने त्या आधीच्या तीन चुकाही विचारात घेतल्या आणि बडतर्फी कायम केली.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या तीन चुकांची कागदोपत्री नोंद होती. मी स्वतः बरीच वर्षे कार्मिक विभागात काढली, अनेकदा चौकशी अधिकारी म्हणून बसलो. सुपरवायझर तावातावाने सांगायचा, ‘साहेब, हा माणूस दहा वर्षे असाच आहे.’ मी फाइल उघडायचो, तर आत नेमणुकीचे पत्र आणि रजेचे अर्ज! दहा वर्षांत एकही लेखी समज नाही. चांगुलपणाने म्हणा किंवा आळसाने म्हणा, साहेब गप्प राहतात आणि एक दिवस अचानक भडकतात. कामगाराला वाटते, काल जे चालत होते ते आज गुन्हा कसे झाले? त्याचेही चुकत नाही.

आता ही चौकशी म्हणजे नेमके काय? कारखान्यात तिला ‘डोमेस्टिक इन्क्वायरी’ म्हणतात, सरकारी कचेरीत खातेनिहाय चौकशी. सूर एनॅमल कंपनीच्या प्रकरणात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचे स्वरूप स्पष्ट केले. आरोप काय आहे ते माणसाला नीट कळवले पाहिजे. साक्षी त्याच्यासमोर झाल्या पाहिजेत, त्याला उलटतपासणी करता आली पाहिजे, स्वतःची बाजू आणि स्वतःचे साक्षीदार मांडता आले पाहिजेत. आणि चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष कारणांसह लिहिला पाहिजे. शिवाय ज्याने तक्रार केली त्यानेच निवाड्याला बसू नये, हे तर उघडच आहे. पण प्रत्यक्षात तेच वारंवार मोडले जाते.

पोटाचा प्रश्नही यात येतो. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत नोकरी करणाऱ्या एका अधिकाऱ्याला निलंबित केले होते. तो केरळात आपल्या घरी होता. निर्वाह भत्ता मिळाला नाही, त्यामुळे चौकशीसाठी कोलारला जायला त्याच्यापाशी पैसे नव्हते. चौकशी एकतर्फी उरकली आणि त्याला काढून टाकले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशीच अवैध ठरवली. उपाशी माणसाला ‘ये आणि बाजू मांड’ म्हणणे ही संधी नव्हे, असाच त्याचा अर्थ.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यानुसार निलंबनाच्या पहिल्या नव्वद दिवसांत निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यायचे असते. कामगाराच्या दोषाशिवाय लांबले, तर पुढे पंच्याहत्तर टक्के. चौकशीही साधारणपणे नव्वद दिवसांत संपवायची आहे. हे चांगले झाले. पण गैरवर्तन कशाला म्हणायचे हे लिहून ठेवणाऱ्या स्थायी आदेशांचा भाग आता तीनशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे. पूर्वीच्या १९४६ च्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा शंभरची होती. म्हणजे ऐंशी माणसांच्या वर्कशॉपमध्ये तसे नियम लिहून ठेवण्याची सक्ती नाही. मालकाने स्वतःहून ठेवावेत. त्याला एवढेच सांगेन, की पुढे वाद न्यायाधिकरणात गेला तर तेच कागद त्याच्या कामी येतील.

वातानुकूलित कचेऱ्यांची तऱ्हा निराळी. तिथे आरोपपत्र दिसत नाही. माणसाला एका खोलीत बोलावतात, गोड आवाजात ‘तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवाचे पत्र चांगले देऊ’ असे सांगतात आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप जमा होतो. सही केली की कागदावर ती बडतर्फी राहत नाही. मग दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर येते. त्यातून व्यवस्थापकीय काम करणारा, किंवा दरमहा अठरा हजारांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक, संहितेच्या ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाही. म्हणून अशा खोलीत एक दिवसाची मुदत मागून घ्यावी. नुसते ‘घरी विचारून सांगतो’ म्हटले तरी चालते.

कामगार बांधवांचीही एक सवय मला नेहमी खटके. आरोपपत्र घ्यायचेच नाही! घेतले नाही म्हणजे आरोप झालाच नाही, असा समज. कंपनी ते नोंदणीकृत डाकेने पाठवते, फलकावर लावते आणि चौकशी एकतर्फी चालवते. एकदा मात्र उलटे झाले. एका ऑपरेटरने इंग्रजीतले आरोपपत्र हसत हसत सही करून घेतले. चौकशीच्या दिवशी मी ते मराठीत वाचून दाखवले तेव्हा त्याचा चेहरा पडला. म्हणाला, ‘साहेब, मला वाटलं पगारवाढीचं पत्र आलं.’ मी कामकाज तिथेच थांबवले, मराठीत प्रत द्यायला लावली आणि आठ दिवसांची मुदत दिली. कारखान्यातले वरिष्ठ माझ्यावर नाराज झाले. आठ दिवसांनी तो युनियनच्या एका सहकाऱ्याला घेऊन आला, समोर बसला आणि म्हणाला, ‘आता विचारा काय विचारायचं ते.’