वाहतूक कोंडीत अडकलेला रोबो

आठ मीटर उंचीचा, काळ्या-पांढऱ्या रंगाचा नवाकोरा पोलिसी रोबो ट्रेलरवर आडवा निजलेला आहे आणि तो ट्रेलर तोक्योच्या वाहतुकीत अडकून पडला आहे. तिकडे शहरात एक जण बांधकामाचं अवजड यंत्र घेऊन धुमाकूळ घालतोय. त्याला आवरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर, ते पोलीस आपल्या यंत्राचीच वाट बघत ताटकळले आहेत. एप्रिल १९८८मध्ये आलेल्या 'पॅटलेबर'ची सुरुवात ही अशी आहे. रोबोंच्या गोष्टी लहान मुलांच्या किंवा हाणामारीच्याच असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही मालिका जरूर बघावी.

जपानी अॅनिमेत माणूस आत बसून चालवतो त्या महाकाय रोबोंची परंपरा जुनी आहे. १९७२च्या 'माझिंगर झेड'मधला रोबो जवळजवळ देवासारखा होता. एका मुलाच्या हाती आलेली अफाट शक्ती. १९७९च्या 'गंडम'ने त्याला युद्धात आणलं. तिथे रोबो हे रणगाड्यासारखं कारखान्यात बनणारं शस्त्र झालं. 'पॅटलेबर'ने त्याला कामावर लावलं. या गोष्टीत अशा यंत्रांना 'लेबर' म्हणतात आणि गस्तीचा लेबर तो पॅटलेबर. 'आज साइटवर लेबर आलं नाही' हे वाक्य रोज ऐकणाऱ्या मराठी माणसाला या नावातली गंमत चटकन कळेल. इथलं लेबर लोखंडाचं असलं तरी काम तेच करतं: माती उपसणं, तुळया उचलणं, खांब रोवणं.

गोष्टीतला काळ १९९८च्या आसपासचा, म्हणजे निर्मात्यांच्या दृष्टीने जेमतेम दहा वर्षं पुढचा. तोक्योच्या उपसागरात भराव घालून जमीन तयार करण्याचा 'बॅबिलॉन प्रकल्प' जोरात आहे. त्यासाठी शहरात हजारो लेबर आले आणि त्यांच्याबरोबर नव्या तऱ्हेचे गुन्हेही आले. दारू पिऊन लेबर चालवणारे, चोरलेल्या लेबरने भिंती फोडणारे, प्रकल्पाला विरोध म्हणून घातपात करणारे. मग पोलिसांनाही लेबर घ्यावे लागले. ही कारणपरंपरा इतकी सरळ आहे की प्रेक्षक ती विनातक्रार मान्य करतो, आणि मालिकेचा सगळा विनोद याच विश्वासावर उभा आहे.

रोबो इथे सरकारी वाहन आहे. त्याला दुरुस्ती लागते, सुटे भाग लागतात, वरिष्ठांची मंजुरी लागते. तो एकटा कुठेही जात नाही. एक जण आत बसून चालवतो, दुसरा खालच्या गाडीतून सूचना देतो, तिसरा ट्रेलर हाकतो. जागेवर पोचल्यावर ट्रेलरचा पाळणा हळूहळू उभा राहतो, तेव्हा कुठे रोबो पाय जमिनीला लावतो. एखाद्या इमारतीचा कोपरा तुटला तर नुकसानीचा हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे दिसेल त्यावर पिस्तूल रोखणारा ओता हा हवालदार गुन्हेगारांपेक्षा स्वतःच्या खात्याला जास्त महाग पडतो.

विशेष वाहन विभागाच्या या दुसऱ्या तुकडीत सगळी अशीच माणसं आहेत. नोआ इझुमी होक्काइदोहून आलेली, दारूच्या दुकानदाराची मुलगी. यंत्रांवर तिचा मनापासून जीव. आधी पाळलेल्या कुत्र्याचं आणि मग मांजराचं जे नाव होतं, तेच 'अल्फोन्स' हे नाव ती आपल्या रोबोला देते. तिला सूचना देणारा असुमा हा रोबो बनवणाऱ्या शिनोहारा कंपनीच्या मालकाचाच मुलगा, पण बापाशी त्याचं पटत नाही. ट्रेलर चालवणारा हिरोमी अंगाने डोंगराएवढा आणि मनाने लोण्यासारखा. फावल्या वेळात टोमॅटो पिकवतो. आणि या सगळ्यांचे कॅप्टन गोतो. पेंगुळलेले डोळे, सुस्त चाल. पण एके काळी खात्यात त्यांना 'वस्तरा' म्हणत, ते का हे हळूहळू उमगतं. मला विचाराल तर मालिकेचा खरा नायक हाच माणूस.

या तुकडीचं ठाणं शहरापासून दूर, भरावाच्या ओसाड जमिनीवर. जवळपास दुकान नाही. जेवण मागवायचं तर एकच चिनी उपाहारगृह, 'शांघाय-तेई'. एका भागाचं नावच आहे 'विशेष वाहन विभागाच्या दुसऱ्या तुकडीचा विनाश', आणि हा विनाश कोणा शत्रूमुळे होत नाही. जेवण वेळेवर न आल्यामुळे होतो! अजस्र यंत्रं सांभाळणारी तरणीताठी माणसं भुकेपुढे कशी कोलमडतात, हे चोख पोलिसी तपासाच्या गांभीर्याने दाखवलंय. पोट दुखेस्तोवर हसतानाही ही माणसं क्षुद्र वाटत नाहीत, उलट आणखी जवळची होतात.

ही किमया पाच जणांची. 'हेडगियर' नावाने ते एकत्र आले होते: चित्रकथाकार मसामी युकी, यंत्रांचे आरेखन करणारे युताका इझुबुची, पात्रांना चेहरे देणाऱ्या अकेमी ताकादा, पटकथाकार काझुनोरी इतो आणि दिग्दर्शक ममोरू ओशिई. पुढे 'घोस्ट इन द शेल'मुळे जगभर पोचलेले ओशिई ते हेच. युकींची चित्रकथा १९८८ ते १९९४ साप्ताहिकात चालली, तर १९८९-९०मध्ये दूरचित्रवाणीवर ४७ भाग झाले. या दोन्हींत 'ग्रिफन' हा काळा रोबो येतो आणि तो चालवणारा आहे बद्रिनाथ हरचंद नावाचा भारतीय मुलगा. कन्साईच्या बोलीत गप्पा मारणारा हा पोरगा लढाईला व्हिडिओ गेम समजतो. त्याच्या निरागसपणाचा वापर मोठी माणसं कशी करून घेतात, हे बघताना हसू ओठांवरच थिजतं.

पाहायला सुरुवात करायची तर १९८८च्या सात भागांपासून करावी, मग ४७ भाग सावकाश, रोज एखादा. १९८९चा पहिला चित्रपट त्यानंतर. रोबोंच्या संगणक प्रणालीत तिच्याच निर्मात्याने पेरून ठेवलेला बिघाड, शहरावर चालून येणारं वादळ आणि वाऱ्याच्या आवाजाने बेभान होणारी यंत्रं, असं त्याचं कथानक. घरोघरी इंटरनेट नव्हतं तेव्हाची ही गोष्ट आज अधिकच अंगावर येते.

१९९३चा दुसरा चित्रपट मात्र घाईने बघू नये. त्यात विनोद फार थोडा, बर्फ पुष्कळ, आणि तोक्योच्या रस्त्यांवर लष्कर उतरलेलं. तुकडी पांगली आहे. नोआ आता कारखान्यात नव्या यंत्रांच्या चाचण्या घेते. लेबर आवडणारी मुलगी एवढीच आपली ओळख आयुष्यभर राहायला नको, असं ती सांगते. मग गोतो जुन्या लोकांना हाक देतात, आणि अल्फोन्स पुन्हा बाहेर निघतो. आत बसायला नोआच येते.